घासायचं सोडून शेवाळाचा घास!

ऐकलंत का? नाही ना? मग बसा जरा, कारण हे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वन्सं राहतात. त्यांचा धाकटा, म्हणजे माझा भाचा, एकोणतीस वर्षांचा, आयटीत नोकरीला, नाकीडोळी नीटस. स्थळं बघणं चालू आहे, म्हणून तर सगळा घोर. मार्गशीर्षात कधीतरी सोसायटीच्या कमिटीपर्यंत कुजबुज पोचली, की या मुलाच्या खोलीत रात्री अकराला गुलाबी उजेड लागतो तो थेट दूधवाला येईपर्यंत. रोज. समोरच्या विंगमधल्या एका निवृत्त काकांनी सलग नऊ रात्री जागून हे पाहिलं होतं. (नऊ रात्री ते स्वतः का जागे होते, हे कुणी विचारलं नाही.) रात्रभर गुलाबी उजेड म्हटल्यावर माणसांची डोकी कुठे कुठे जातात ते मी सांगायला नको. शेवटी खजिनदार आवाज खाली आणून म्हणाले, "असल्या दिव्याखाली हल्ली घरातल्या घरात गांजा पिकवतात. पेपरात आलं होतं."

झालं! सेक्रेटरी, खजिनदार आणि मी असे तिघं वर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरचं माणूस नको का सोबत?

भाच्याने निमूटपणे आपल्या फिशटँकखालचं कपाट उघडलं. आत काचेची दुसरी पेटी, पेटीत पाणी, वर गुलाबी दिवा, आणि त्या दिव्याखाली पाण्यात संथपणे गोल गोल फिरणारा एक हिरवा गुंता. मी तो क्षणात ओळखला. भांडी घासायची नायलॉनची घासणी असते ना, हिरवी, वापरून वापरून सुटलेली? तीच.

"मामी, ही कीटो," भाचा म्हणाला.

मला वाटलं डाएट. वन्सं मागच्याच महिन्यात भात सोडून बसल्या होत्या. पण हे कीटो म्हणजे कीटोमॉर्फा. समुद्रातलं शेवाळ.

"शेवाळ?" सेक्रेटरी म्हणाले. "आपोआप झालं की लावलंय?"

"लावलंय."

"मुद्दाम?"

"हो. विकत आणून."

सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच आठवड्यात गच्चीवरच्या टाकीतलं शेवाळ खरवडून काढायला सोसायटीने चांगले पैसे मोजले होते. एकाच इमारतीत वर शेवाळ काढायला पैसे आणि खाली शेवाळ वाढवायला पैसे! हौसेला मोल नाही म्हणतात, पण वीजबिल तरी असतं की नाही?

आता मुलगा तसा शहाणा आहे, त्यामुळे त्याने समजावलं. मासे खाणार, आणि खाल्ल्यावरचं पुढचं कामही त्याच पाण्यात उरकणार. त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट साठत जातं. शेवाळाला नेमकं तेच हवं असतं. ते शेवाळात जातं, शेवाळ फुगतं, मग दर पंधरा दिवसांनी मूठभर उपटून टाकायचं, म्हणजे त्याबरोबर घाणही घराबाहेर. दिवा रात्रीच का? तर वरच्या टाकीत दिवसा उजेड असतो तोवर पाण्याचा पीएच चढतो आणि अंधार झाला की उतरतो. खालच्या शेवाळाला उलटी पाळी दिली की रात्रीही पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि पीएच फार हेलकावे खात नाही. म्हणजे हे शेवाळ रात्रपाळीचा कामगार आहे. खजिनदारांना हे पटलं. ते गिरणीतल्या कामगाराचे चिरंजीव. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडी नावाच्या शास्त्रज्ञाने प्रवाळांच्या टाकीचं पाणी जाळीवर वाढवलेल्या शेवाळाकडून साफ करून घेतलं आणि १९८० च्या दशकात त्यावर पेटंट मिळवलं, हेही भाच्याने सांगितलं. शेवाळाचं पेटंट! आमच्या मोरीला आता मी जपूनच हात लावते.

पण खरी खमंग गोष्ट पाण्याची आहे. या मुलाला समुद्र लोकलने तासाभरावर. तो मात्र आधी यंत्राने पाण्यातलं होतं नव्हतं ते सगळं काढून टाकतो, आणि मग त्या कोऱ्या पाण्यात बादलीमागे बादली विकतचं मीठ कालवतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. मग दुर्बिणीसारखी एक नळी डोळ्याला लावून खिडकीकडे तोंड करतो आणि घनता १.०२५ आली का बघतो. माझ्या सासूबाई लोणच्याच्या खारात बोट बुडवून जे सांगतात, त्याला याने यंत्र आणलंय. "अरे, जुहूहून कॅन भरून आण की," असं मी म्हणाले, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू गटार आणायला सांगितलं. तसं बघितलं तर फार चुकलाही नाही.

तर या टाकीतल्या शेवाळांत आवडती आणि नावडती असा सरळ कहाणीतल्यासारखा भेद आहे. दगडावर जांभळट-गुलाबी पुटं चढवणारं एक शेवाळ असतं, दगडासारखंच कडक. ती आवडती. ती चढायला लागली की हे लोक फोटो काढून एकमेकांना पाठवतात, बाळाला पहिला दात आल्यासारखे. आणि हिरवं केसाळ, पिठूळ तपकिरी, लाल बुळबुळीत, या नावडत्या. त्यांच्यासाठी गोगलगाई आणून सोडायच्या, खेकडे नेमायचे, रात्री टूथब्रश घेऊन दगड घासत बसायचं. स्वतःच्या खोलीचा पंखा ज्याने जन्मात पुसला नाही, तो मुलगा दगडाचे दात घासतो! वन्संना हे सांगताना रडू येत होतं.

एक नावडती तर फारच आगाऊ. हिरव्या काचेच्या गोटीसारखी चमकते, देखणी दिसते. व्हलोनिया. खलाशी तिला खलाशाचा डोळा म्हणतात म्हणे. अंगठ्याच्या पेराएवढी ती गोटी म्हणजे एकच पेशी! शाळेत आम्हाला पेशी बघायला सूक्ष्मदर्शकासमोर रांग लावायला लागली होती आणि इथे चिमटीत येते. पण ती टाकीत फोडायची नाही, आत पिलावळ असते, असा या मंडळींत धाक आहे. मुळासकट खरवडून उचलायची, गळू काढतात तशी.

आणि आता कॉलर्पा. हिचं प्रकरण ऐका. दिसायला नाजूक, पिसासारखी पानं, खाली धावती खोडं, त्यांना मुळांसारखे तंतू. बघणारा म्हणेल, काय गुणी वनस्पती! पण हा सगळा पसारासुद्धा एकच पेशी. मधे एकही भिंत नाही. एकत्र कुटुंबात असतं तसं सगळं मोकळं, कुणाचं काय ते कळत नाही. भाच्याने ही सुरुवातीला हौसेने लावली होती, कीटोच्याही आधी. तिची ख्याती अशी, की मनात येईल तेव्हा ती एका रात्रीत सगळंच्या सगळं बीज पाण्यात सोडते आणि आपण रिकामी होऊन मरते. याच्याकडे ते झालं नेमकं मुलीकडची मंडळी यायच्या दिवशी सकाळी.

वन्संचा फोन आला, "अगं, लवकर वर ये." गेले. दीडशे लिटरची टाकी पुदिन्याच्या सरबतासारखी हिरवी गढूळ. आत मासे आहेत की नाहीत ते दिसेना. कॉलर्पाची पानं पांढरी, पारदर्शक, प्लास्टिकच्या पिशवीच्या चिंध्यांसारखी लोंबत होती. वासाबद्दल मी काही बोलत नाही. पोहे परतत होते आणि ते पोहे कुणी खाल्ले नाहीत एवढंच सांगते. भाचा बनियनवर, दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत, पाणी बदलतोय. पाण्यातला प्राणवायू घटला की मासे दगावतात, त्यामुळे त्याला मुलगी दिसत नव्हती की तिचे वडील. पाहुणे वीस मिनिटांत उठले.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. दुपारी वन्संनी ती उपटलेली कॉलर्पा बादलीत भरली, वर देवघरातलं निर्माल्य टाकलं आणि निघाल्या. "कुठे?" तर म्हणे, "खाडीत सोडून येते. समुद्राचं समुद्राला." भाचा जिन्यात ओरडला. आईवर आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला आधी रागच आला. मग त्याने कारण सांगितलं, आणि तेव्हापासून हे मी प्रत्येकाला सांगत सुटले आहे.

मोनॅको माहीत आहे ना? राजेरजवाडे, जुगार, मोटारींच्या शर्यती. तिथे समुद्राच्या काठावर एक भारदस्त सागरी संग्रहालय आहे, मत्स्यालयासकट. १९८४ साली त्याच्या बरोब्बर खालच्या समुद्रात कॉलर्पाची एक जात आढळली, टॅक्सिफोलिया. जेमतेम चौरस मीटरभर, म्हणजे आपल्या जेवायच्या पाटाच्या काही पट. ही जात युरोपातल्या मत्स्यालयांत शोभेसाठी हातोहात फिरलेली. श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात वाढवलेली, आणि टाकीत राहून राहून थंडीला सोकावलेली. उष्ण प्रदेशातली तिची मूळ भावंडं भूमध्य समुद्राच्या हिवाळ्यात तगली नसती. ही तगली. नीसच्या विद्यापीठातले अलेक्झांद्र मेनेझ ओरडून ओरडून सांगत होते की आत्ताच उपटा. संग्रहालयवाले म्हणाले, आमची नव्हेच ती, दुसरीकडून वाहत आली असेल. दोन्ही बाजू एकमेकांना अक्षरशः पाण्यात बघू लागल्या आणि तोवर ती पसरली. फ्रान्स, इटली, पुढे आणखी. हजारो हेक्टर. तिच्या अंगात विषारी द्रव्य, त्यामुळे तिकडचे बहुतेक मासे तोंड लावत नाहीत. नंतर जनुकं तपासली तेव्हा मत्स्यालयातल्या जातीशी ती तंतोतंत जुळली. म्हणजे घरातलंच होतं.

पुढे २००० साली हीच बया अमेरिकेत, कॅलिफोर्नियात कार्ल्सबाडच्या खाजणात सापडली. तिथे मात्र त्यांनी वाद घातला नाही. तळावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं, वर्षानुवर्षं पाणबुडे फिरवले, सत्तर लाख डॉलरच्या आसपास खर्च केला आणि २००६ मध्ये संपल्याचं जाहीर केलं. दरम्यान कायदा करून कॉलर्पाच्या नऊ जाती पाळायलाच बंदी घातली. आणि हे सगळं, कुणीतरी टाकी धुऊन बादली ओतली असणार म्हणून! वन्संची बादली निर्माल्यासकट परत वर आली. शेवाळ आधी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये, मग कचऱ्यात. फ्रीजरमध्ये ते मटारशेजारी होतं, हे वन्संना मी सांगितलेलं नाही.

बरं, ही झाली वाढवायची तऱ्हा. आता खायची ऐका.

भाच्याकडे एक पसरट मासा आहे, शेपटीच्या बुडाशी डॉक्टरच्या सुरीसारखा काटा असलेला. टँग म्हणतात. शुद्ध शाकाहाराकडे कल. त्याला रोज सकाळी काचेला चिकटवलेल्या चिमट्यात एक कागद अडकवून देतात. काळपट हिरवा, पातळ, उजेडात धरला तर जाळीदार दिसणारा. मासा तो असा फाडतो की आपल्याला भूक लागावी. एक दिवस माझी लेक वर गेली ती तोच कागद घेऊन खाली आली. "आई, नोरी आणली दादाकडून. गिंबाप करायचाय."

"माशाचं खाणं?"

"माशाचं नाही गं. तो आमचं खातो."

मी पाकीट बघितलं. खरंच माणसांचं. भाजलेलं, बिनमसाल्याचं, कोरियाचं. माशाला मीठ-तेल लावलेलं चालत नाही म्हणून दादा साधं घेतो, आणि हिला तेच हवं. वन्संच्या घरात आयात केलेला नाश्ता मासा करतो आणि पोरगा दोन मिनिटांच्या नूडल्सवर! कुठे फेडतील ही पापं?

गिंबाप म्हणजे काय, तर शेवाळाच्या कागदात भात, गाजर, काकडी घालून गुंडाळी, आणि वरून तिळाचं तेल. लेक हे सगळं कोरियन मालिका बघून शिकलीय. त्या मालिकांनी मराठी मुलींचं काय काय केलंय त्यावर वेगळं लिहायला हवं. आमच्या घरी 'आई' ऐवजी अधूनमधून 'ओम्मा' ऐकू येतं.

सासूबाई माहेरच्या पेणच्या. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "काय करतेय ती?" मी म्हटलं, "शेवाळ खातेय." त्यांचा चेहरा खुलला. "शेवळं? या दिवसात कुठे मिळाली? काकडं घातलीत का पण? नाहीतर घसा खाजेल हो." आता शेवळं ही पहिल्या पावसानंतर रानात उगवणारी, सोलून, चिरून, काकडाचा रस घालून खाज मारावी तेव्हा पानात यायच्या लायकीची होणारी भाजी. कुठे तिचा तोरा आणि कुठे हे मेलं शेवाळ! एका काना-अनुस्वाराचा फरक, पण सासूबाईंनी तीच समजूत कायम ठेवून एक तुकडा तोंडात घातला. चावला. थांबल्या. मग म्हणाल्या, "सोडे घातलेत का गं?" कोकणातल्या बाईची जीभ बघा. वास समुद्राचा आहे हे तिने डोळे मिटून सांगितलं.

मला विचाराल तर पहिल्या घासाला ओल्या गोणपाटाला मीठ लावल्यासारखं लागतं. तिसऱ्या घासाला बरं. सहाव्याला पाकीट संपलेलं असतं. आणि ते आपल्या पोटात नीट पचतंच असं नाही हो! २०१० साली शास्त्रज्ञांना आढळलं की जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंनी नोरी पचवायची कला समुद्रातल्या जिवाणूंकडून उचलली आहे, जनुकासकट. पिढ्यान् पिढ्या शेवाळ खाऊन मिळालेलं वतन ते. आपल्याकडे वतन ठेच्याचं.

ही नोरी करतात कशी, तर शेवाळ बारीक चिरायचं, पाण्यात कालवायचं, चौकोनी चटईवर ओतून पसरायचं आणि वाळवायचं. जुन्या एदोत, म्हणजे आताच्या टोकियोत, कागद करणाऱ्यांकडून ही युक्ती आली म्हणतात. आपण म्हणू आंबापोळीच, फक्त आंब्याऐवजी दर्याचा माल.

पण नोरीचं खरं प्रकरण पुढे आहे, आणि ते मात्र दार लावून सांगण्यासारखं.

जपानी लोक शेकडो वर्षं नोरी पिकवत होते, पण त्यांना ती उगवते कुठून हेच माहीत नव्हतं. हिवाळ्यात बांबूंवर आपोआप धरायची आणि उन्हाळ्यात नाहीशी व्हायची. एखाद्या वर्षी यायचीच नाही. कोळी तिला नशिबाचं गवत म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक असं बुडालं की गावंच्या गावं हवालदिल. आणि इकडे इंग्लंडमध्ये मँचेस्टरला कॅथलीन ड्रू-बेकर नावाच्या एक बाई होत्या, शेवाळाच्या अभ्यासक. विद्यापीठात शिकवत होत्या. १९२८ मध्ये लग्न केलं आणि नोकरी गेली! विवाहित बाईला ठेवायचं नाही असा त्या विद्यापीठाचा तेव्हाचा नियम. नवऱ्याची नोकरी तिथेच होती, ती राहिली. कुठल्याही देशातलं असलं तरी हे ऐकून माझ्या हातातलं लाटणं थांबलं. बाई खमकी. विनावेतन संशोधन चालू ठेवलं.

वेल्सच्या किनाऱ्यावर नोरीची सख्खी चुलत बहीण मिळते, लेव्हर. तिकडे ती शिजवून ओटाच्या पिठात घोळून न्याहारीला खातात. बाई तीच प्रयोगशाळेतल्या खाऱ्या पाण्यात वाढवत होत्या. त्या पाण्यात शिंपले ठेवलेले. थोड्या दिवसांनी शिंपल्यांवर गुलाबी डाग पडले. त्या डागाला शास्त्रात आधीपासून वेगळं नाव होतं, वेगळी जात म्हणून नोंद होती. बाईंनी १९४९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात जाहीर केलं की या दोन जाती नाहीतच, एकच आहे! थंडीत पानासारखी मिरवणारी ही बया उन्हाळ्यात नाव बदलून, रंग बदलून, शिंपल्याच्या भिंतीत बिऱ्हाड करून राहते. शेकडो वर्षं दोन घरं चालवली आणि एकाही शेजारणीला पत्ता नाही! आमच्या इमारतीत हे नऊ रात्रींत उघडकीला आलं असतं.

जपानी शास्त्रज्ञांनी तो धागा पकडला, शिंपल्यांवर मुद्दाम बीज धरायला लावलं आणि जाळ्यांवर शेती सुरू झाली. आज जगभर जी नोरी खाल्ली जाते ती या बाईंच्या शिंपल्यांतून आली आहे. बाई १९५७ मध्ये गेल्या. जपानला कधी पाऊलही लागलं नाही. तरी कुमामोतो प्रांतात उतो गावी, समुद्र दिसेल अशा जागी, १९६३ साली त्यांचं स्मारक उभं राहिलं आणि दर वर्षी १४ एप्रिलला कोळी मंडळी तिथे जमून त्यांना 'समुद्राची आई' म्हणून वंदन करतात. विनापगारी बाई, देव्हाऱ्यात बसली. मी हे जेव्हा वन्संना सांगितलं तेव्हा त्यांनी वर जाऊन टाकीतल्या शिंपल्यांवरची धूळ पुसली. धूळ नव्हती, आवडती होती. भाचा पुन्हा ओरडला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात नाही बाई असली थेरं. हो का?

तुमच्या आईने गॅदरिंगला, बारशाला, पाहुण्यांना दुधाचं गुलाबी पुडिंग केलं होतं ना, स्टीलच्या ताटात ओतून, सुरीने शंकरपाळी पाडून? चायना ग्रासचं? ते पांढरं सुतळीसारखं पाकीट म्हणजे अगार. शेवाळ उकळून काढलेला चीक. नाव चीनचं, गोष्ट जपानची: सतराव्या शतकात एका खानावळवाल्याने उरलेली जेली थंडीत बाहेर टाकली, ती गोठली, वाळली, आणि पुन्हा उकळल्यावर पुन्हा लागली असं सांगतात. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. चाळीस वर्षं त्यांनी अंडं नाही, जिलेटिन नाही म्हणून तेच पुडिंग केलं होतं. फ्रीज नसताना ते लागायचं याचा त्यांना केवढा अभिमान! ते त्यांचं कसब नव्हे, अगारचं. एकदा लागलं की उकळीजवळ गेल्याशिवाय ते वितळत नाही.

याच गुणामुळे ते प्रयोगशाळेत गेलं, आणि तेही एका शेजारणीमुळे. १८८१ साली जर्मनीत वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर जिलेटिनवर जिवाणू वाढवायला बसले होते आणि उन्हाळ्यात ते सगळं वितळून जात होतं. बायको फॅनी यांनी विचारलं, माझं पुडिंग कसं वितळत नाही मग? त्यांना ती युक्ती न्यूयॉर्कला असताना, जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून मिळाली होती. निरोप थेट रॉबर्ट कोखपर्यंत गेला. आज रक्ताची, लघवीची तपासणी करताना जिवाणू ज्या थाळीत वाढवतात ती थाळी अगारची. शेजारीपाजारी गप्पा मारू नयेत म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत ४०७ आकडा शोधा. कॅराजीनन, लाल शेवाळातून. ४०१, सोडियम अल्जिनेट, तपकिरी शेवाळातून. टूथपेस्टची पेस्ट पातळ होऊन ब्रशवरून ओघळत नाही तीही बऱ्याचदा याच घराण्याच्या कृपेने. आणि ज्याचं नाव घेतलं की वन्सं कानांवर हात ठेवतात तो अजिनोमोटो? टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू नावाच्या शेवाळाच्या सारातून तो स्वाद वेगळा काढला, दुसऱ्या वर्षी तो बाजारात आला. आता तो आंबवून करतात, पण मूळ पुरुष शेवाळच. तेव्हा सोवळ्याचा आव नको.

लेकीने तर परवा माझ्या वाढदिवसाला शेवाळाचं सूप केलं. कोरियात वाढदिवसाला हेच करतात, कारण बाळंतिणीला हेच देतात. आपल्या जन्माच्या वेळी आईने प्यायलेलं म्हणून दर वर्षी आठवणीने प्यायचं. हे ऐकल्यावर मला नावं ठेवायला काही सुचलं नाही. आपण बाळंतिणीला अळीव देतो, तेही बुळबुळीतच. फक्त परीक्षेच्या दिवशी तिकडची मुलं हे सूप टाळतात म्हणे. बुळबुळीत खाल्लं तर घसरतो, नापास होतो. इथे दही-साखर, तिथे सूपबंदी.

सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या बायकांच्या घोळक्यात मात्र स्पिरुलिना शिरली आहे. हिरवी गोळी, तळहातावर डाग पाडणारी. मेक्सिकोत पूर्वी अझ्टेक लोक खात, आणि आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या बायका ती शेकडो वर्षं गाळून, वड्या करून खात आल्या, तिचं कौतुक आहेच. पण बी-१२ साठी गिळत असाल तर पैसे वाया. तिच्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या अंगाला लागणाऱ्या प्रकारचं नसतं. आणि ज्यांना थायरॉइड आहे त्यांनी कोंबूसारखी जाड तपकिरी शेवाळं डॉक्टरांना विचारल्याखेरीज खाऊ नयेत, आयोडीन भलतंच असतं. हिजिकी नावाचं एक काळं शेवाळ तर आर्सेनिकमुळे खाऊच नका, असं ब्रिटनच्या अन्नखात्याने २००४ मध्येच सांगितलंय. आमच्यातल्या एकीने ते 'डिटॉक्स' म्हणून मागवलं होतं.

आपलं सरकारही आता शेवाळाच्या मागे आहे बरं का. २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी. तमिळनाडूत रामेश्वरम-मंडपमच्या बायका तर कितीतरी वर्षं बुड्या मारून हाताने शेवाळ खुडतात, त्यातूनच अगार निघतं. पण तिथेही कॅराजीननसाठी बाहेरून आणलेली एक जात मन्नारच्या आखातातल्या प्रवाळांवर चढून बसल्याची नोंद आहे. मोनॅकोची गोष्ट सांगून झालीय, पुन्हा सांगत नाही.

हां, आणि ज्यांच्या डोक्यात आलंच असेल त्यांच्यासाठी: टाकीतलं शेवाळ खायचं नाही. ओकिनावात कॉलर्पाचीच एक जात, द्राक्षांच्या घोसासारखी, ताटात वाढतात आणि ती दाताखाली फुटते ती मजा काही और, असं लेक सांगते. म्हणून ती चिमटा घेऊन वर निघाली होती. भाच्याने अडवलं. टाकीत माशांची औषधं पडतात, आणखी काय काय. मासा पाकिटातलं खातो आणि आपण टाकीतलं खायचं, हे मलाही पटेना.

मुलीकडच्यांचं काय झालं विचारताय? ती मंडळी नाही म्हणाली. पण मुलीने दोन दिवसांनी भाच्याला मेसेज केला: "मासे वाचले का?" पुढचं मला ठाऊक आहे, पण वन्संनी शपथ घातलीय.

कमिटीच्या सभेचं इतिवृत्त परवा नोटीस बोर्डावर लागलं. कलम चार: चौथ्या मजल्यावरील गुलाबी दिवा शेवाळाकरिता आहे. हरकत नाही. पडदा लावावा. कलम पाच: गच्चीवरील टाकीत पुन्हा शेवाळ झाले आहे. काढण्यासाठी तीन कोटेशने मागवावीत.